पलंगाखालचा करबुडे

जगभरातल्या निवृत्त पुरुषांना एक ठरावीक वेड लागतं. लहानपणी गावात जी रेल्वे पाहिली, ती घरात उभी करायची. इंग्लंडातला माणूस पोटमाळ्यावर आपल्या गावचं वाफेच्या इंजिनांचं स्टेशन मांडतो, जर्मन माणूस तळघरात मांडतो. जपानी माणसाकडे माळाही नसतो आणि तळघरही नसतं, म्हणून तो गाडीच बारीक करून घेतो आणि पुस्तकांच्या कप्प्यातून फिरवतो. या छंदाची मासिकं आहेत, मंडळं आहेत, आणि एक अलिखित नियम आहे: गाडी आपल्या लहानपणची हवी. साठीच्या माणसाने कालपरवाची गाडी मांडली तर बाकीचे त्याच्याकडे जरा दयेने बघतात.

हा नियम लावला तर पन्नाशी ओलांडलेला रत्नागिरीकर मुळातच बाद होतो. त्याच्या लहानपणी गावात रेल्वे नव्हती. तालुक्यात नव्हती, जिल्ह्यातही नव्हती. इंग्रजांना आमच्या गावाचा हा गुण फारच आवडलेला दिसतो. पदच्युत केलेल्या थिबा राजाला त्यांनी 1886 मध्ये ब्रह्मदेशातून इथे आणून ठेवलं, आणि 1924 मध्ये सावरकरांना स्थानबद्धतेसाठी हाच जिल्हा नेमून दिला. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्री आणि मधे रेल्वेचं टाइमटेबलच नाही. पळणारा पळणार कशाने?

शाळेत आगगाडीची गाणी मात्र आम्हीही म्हणायचो. गाण्यातली मुलं गाडीत बसून मामाच्या गावाला जायची. माझा मामा राजापूरला. तिथे जायला लाल एसटी, आणि हातखंब्याच्या पुढे वळणं सुरू झाली की पोटात ढवळायचं. त्या प्रवासावर कोणी गाणं केलं नाही, आणि ते बरंच झालं. दुसऱ्या गावांतली मुलं एकमेकांचे सदरे धरून आगगाडी करतात. आम्ही एसटी-एसटी खेळायचो. त्यात एक ड्रायव्हर, एक कंडक्टर आणि उरलेले सगळे सुटे पैसे नसलेले प्रवासी.

रेल्वे होती ती भाषणांत. अ. ब. वालावलकरांनी कोकण रेल्वेचा ध्यास घेतला होता, नाथ पै दिल्लीत त्यासाठी बोलत होते, त्यांच्यानंतर मधु दंडवते. दंडवते राजापूर मतदारसंघाचे, म्हणजे माझ्या मामाचे खासदार. 1977 साली ते चक्क रेल्वेमंत्री झाले. आता मामाच्या गावाला गाडी जाणार, अशी आमच्या घरात खात्रीच पटली. दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंचांची गादी घातली. साऱ्या देशाचं बूड राजापूरच्या मतांनी मऊ झालं आणि राजापूरचे मतदार एसटीच्या बाकड्यावर खड्डे मोजत राहिले. रूळ रोह्यापर्यंत पोचले ते 1986 मध्ये. मग 1990 मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री, असा योग जुळून आला, कोकण रेल्वे महामंडळ निघालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले, आणि 26 जानेवारी 1998 रोजी रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग पूर्ण झाला. तोवर माझी तिशी उलटून गेली होती.

म्हणजे माझ्या लहानपणची रेल्वे प्रामाणिकपणे मांडायची झाली तर एक टेबल, एक ध्वनिक्षेपक, हारतुरे आणि समोर सतरंजीवर बसलेली माणसं. जागा फारशी लागत नाही, हा तिचा एकच फायदा. पण नातेवाईक ते बघायला येणार नाहीत. म्हणून मी नियमाला थोडा वळसा घातला. गाडी आली तेव्हा आख्खी रत्नागिरी कुवारबावला जाऊन फलाटावर उभी राहत होती. कुठे जायचं नसायचं, कोणी यायचं नसायचं. सत्तरीचे आजोबा इंजिनाला हात लावून बघत होते. त्या दिवसांपुरतं सगळं गाव सात-आठ वर्षांचं झालं होतं, आणि ते मी माझ्या बालपणात धरतो.

आता जागेचा हिशोब. या छंदात सगळ्यात रुळलेलं माप म्हणजे एचओ, खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. कोकण रेल्वे 741 किलोमीटर. भागून पाहिलं तर साडेआठ किलोमीटर येतात. घराच्या दारात रोहा ठेवून रूळ अंथरत निघालो, तर वाटेत खरं रत्नागिरी स्टेशन लागेल, ते मागे पडेल आणि ठोकूर त्याच्याही पुढे कुठेतरी येईल. एन नावाचं बारीक माप आहे, एकास एकशेसाठ. त्यात साडेचार किलोमीटर आणि वर थोडे. म्हणजे घरापासून निदान रिक्षा तरी करावी लागेल. वळणांचं तर बोलूच नये. खऱ्या मार्गावर गाडी वेगाने जावी म्हणून वळणं ऐसपैस ठेवली आहेत, साधारण सव्वा किलोमीटर त्रिज्येची. एचओमध्ये ती त्रिज्या चौदा मीटर होते. एक वळण घ्यायला गाडी शेजाऱ्यांच्या देवघरातून न्यावी लागेल. बाजारात मिळणारे वाकडे रूळ हातभर त्रिज्येचे असतात.

त्यातही एक गंमत आहे. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची, युरोपातली रुळांची रुंदी 1435. एचओचे रूळ त्या युरोपच्या मापाने बनतात. त्यामुळे घरातली मांडवी एक्सप्रेस डोळ्यांना कितीही कोकणी दिसली तरी चाकांनी जर्मनच असते. हे मी पाहुण्यांना सांगत नाही. एकदा सांगितलं होतं, त्यांनी चहा न घेता घड्याळ पाहिलं.

ज्यांच्याकडे जागा आणि जिद्द दोन्ही असतं त्यांचं वेगळं. हॅम्बुर्गला मिनिआतुर वुंडरलांड आहे, तिथे मजलेच्या मजले गाड्या धावतात. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तेही 1998 चंच, कोकण रेल्वेच्या बरोबरीचं. तिथे गाड्यांच्या भोवती आख्खं शहर आहे, संध्याकाळ होते, दिवे लागतात. मी ते बघून आलो तेव्हा बायकोने स्पष्ट विचारलं, ‘अहो, ते घरात राहतात कुठे?’

आमचा फ्लॅट दोन बेडरूमचा. टिळक आळीतल्या जुन्या घराला पडवी होती, माजघर होतं, माळा होता. तेव्हा रेल्वे नव्हती. आता रेल्वे आहे तर माळा नाही. मागची खोली आहे, पण रत्नागिरीतली मागची खोली कधीच रिकामी नसते, तिला ऋतू असतात. एप्रिल-मे महिन्यांत तिथे आंब्याची आढी. पेंढ्यात हापूस घातला की त्या खोलीत मोठ्याने बोलायचीही बंदी. रेल्वे तर दूरच. मेअखेरीस गच्चीवर आमसुलं, आंबापोळी आणि फणसपोळी वाळत असते, आणि आभाळ भरून आलं की सगळी ताटं धावत खाली येऊन ज्या सपाट जागेवर विसावतात ती जागा म्हणजे माझं स्टेशन यार्ड. रत्नागिरीच्या एक नंबर फलाटावर आंबापोळीचा डाग आहे. तो मी पुसत नाही, तो इतक्या वर्षांत मांडलेल्या सगळ्या तपशिलांत सर्वांत अस्सल आहे.

मग पाऊस. खाऱ्या हवेत लोखंडी रूळ मृगातच तांबडे होतात, म्हणून निकेल-सिल्व्हरचे घ्यावे लागतात. त्यात चांदी औषधालाही नसते, पण बिलावर ‘सिल्व्हर’ वाचून घरात जे बोललं जातं ते रुळांच्या किमतीहून जड पडतं. पुठ्ठे फुगतात, डिंक सुटतो, कागदी डोंगरावर खरी बुरशी येते. बुरशीचं मात्र वाईट वाटत नाही. हिरवा रंग विकत आणायचा तो वाचतो.

उरतो भाद्रपद. आणि इथे मला कोकणी संसारातलं एक गुपित सापडलं. घरात एखादी गोष्ट मांडायची असेल आणि कोणी हरकत घेऊ नये असं वाटत असेल, तर ती गणपतीपुढे मांडावी. एरवी ज्याला ‘पसारा’ म्हणतात त्यालाच त्या दिवसांत ‘आरास’ म्हणतात. शिवाय विषय समयोचित. गणपतीला चाकरमानी ज्या शेकडो जादा गाड्यांनी येतात, त्यातलीच एक बाप्पाच्या पायाशी फिरते आहे, याला कोण नाही म्हणणार? आमचा गणपती गौरीबरोबर जातो, तेवढी मुदत.

आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या ठोकून पाया केला. स्टेशन झालं, आणि मग पानवलच्या पुलाची ओढ लागली. रत्नागिरी सोडली की निवसरच्या अलीकडे हा पूल येतो. लांबी 424 मीटर, उंची 64. रेल्वे येण्याआधी आम्हाला उंच म्हणून रत्नदुर्गावरचं दीपगृह दाखवायचे. एचओमध्ये हा पूल चार मीटर सत्त्याऐंशी सेंटिमीटर लांब होतो. आमचा हॉल चौदा फूट, म्हणजे पूल साठ सेंटिमीटर स्वयंपाकघरात शिरतो आणि निवसर बरोबर सिंकपाशी येतं. ‘निवसरच्या लोकांना भांडी घासता येतात का?’ असा प्रश्न आला. मी लांबी निम्मी केली, उंची तेवढीच ठेवली.

खरा पूल बांधताना वरचा भाग एका टोकाला ओतत गेले आणि जॅकने रेटत रेटत खांबांवरून पुढे सरकवत नेला. मीही तसंच करायचं ठरवलं. टीव्हीच्या बाजूने मी पुठ्ठ्याचा पट्टा ढकलत होतो, दुसऱ्या टोकाला बायको एका हातात मोदकाची उकड घेऊन ‘आला, आला, बास’ म्हणत होती. पूर्वी हा पूल थर्मोकोलचा होता. 2018 च्या बंदीनंतर राज्यभरच्या मखरांबरोबर आमचा पूलही बेकायदा ठरला आणि पुठ्ठ्यात नव्याने बांधावा लागला.

पानवलच्या पुलापाशी वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र आहे. वारा मर्यादेपुढे गेला की गाडी अलीकडेच रोखतात. आमच्याकडे ते यंत्र भिंतीवर आयतंच आहे, पंख्याचा रेग्युलेटर. दोनवर वाहतूक सुरळीत, तीनवर जपून, पाचवर पूल हलतो. पण भाद्रपदातला उकाडा, आरतीला जमलेली वीस माणसं, त्यात कापूर. कोणीतरी घाम पुसत पंखा वाढवतो आणि ऐन आरतीत मला ‘गाडी पुलावर आहे!’ असं ओरडावं लागतं. लहान मुलांना आता ती आरतीचीच ओळ वाटते. एका वर्षी तर त्यांनी ती टाळ्या वाजवत माझ्याआधी म्हटली.

आणि एकदा पाहुणे जमले की रेल्वे आपली राहत नाही, ती लोकांची होते. मी मांडलं होतं रत्नागिरी स्टेशन, पानवलचा पूल आणि करबुड्याचा बोगदा. जगभर हौशी लोक असंच करतात. मुख्य तेवढं ठेवतात, मधलं गाळतात. पण गाळलेल्या प्रत्येक स्टेशनाला कोकणात कोणी ना कोणी नातेवाईक असतो. आरवलीची आत्या चष्मा लावून वाकली. ‘अरे, आरवली कुठाय?’ म्हटलं, आत्या, जागा नाही. ‘गरम पाण्याची कुंडं आहेत आमच्याकडे, लांबून लोक येतात, आणि तुझी गाडी थांबत नाही म्हणजे काय?’ सावर्ड्याचे मेहुणे काही बोलले नाहीत, फक्त दोन दिवस वेगळ्या पंगतीला बसले. शेवटी विलवड्याच्या विहीणबाई आल्या आणि हसत हसत म्हणाल्या, ‘आमचं आपलं लहान स्टेशन, त्याला कोण विचारतंय.’ विलवड्याला थांबा त्याच रात्री मंजूर झाला.

मग सगळेच मिळाले. आठ फुटांच्या फळीवर सावर्ड्याचा फलाट संपतो तिथे विलवड्याचा सुरू होतो. मधे दोन-तीन तालुके आहेत ते मखराच्या मागे गेले. गाडी सुटली की वेग घेण्याआधीच थांबते. खऱ्या रेल्वेला थांब्यांची निवेदनं देणाऱ्यांबद्दल मी पूर्वी बरंच बोलत असे; आता रेल्वेच्या अधिकाऱ्यांविषयी मला सहानुभूती आहे. आत्याला मी तांत्रिक थांबा दिला. गाडी थांबते, पण दारं रंगवलेली असल्यामुळे कोणाला उतरता येत नाही.

डब्यांचंही तसंच. 22 डब्यांची खरी गाडी पानवलच्या पुलाहून लांब भरते. एचओमध्ये तिला सहा मीटर लागतात. आमची गाडी तीन डब्यांची. एक जनरल, एक स्लीपर आणि एक पॅन्ट्री कार. वातानुकूलित डबा नाही म्हणून मुंबईचे भाचे नाराज, पण पॅन्ट्री काढायची सूचना आजवर कोणी केली नाही.

इतक्या अडचणी असूनही मी म्हणेन की लहान घरात मांडायला कोकण रेल्वेसारखी रेल्वे नाही. कारण तिचा बराच भाग दिसतच नाही. 91 बोगदे, मिळून सुमारे 84 किलोमीटर. नऊ किलोमीटरमागे एक डोंगराच्या पोटात. उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुडे साडेसहा किलोमीटरचा, पीर पंजालचा बोगदा होईपर्यंत देशातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा. मॉडेलमध्ये त्याला पंचाहत्तर मीटर लागतात, पण बोगद्याला लागतं काय? दोन तोंडं आणि मधे अंधार. तो अंधार माझ्याकडे पलंगाखाली भरपूर आहे. मागच्या खोलीत रूळ नेऊन एक तोंड पलंगाच्या उशाशी केलं, दुसरं पायथ्याशी. मधे जुन्या ट्रंका आणि बंद पडलेला मिक्सर, म्हणजे जवळजवळ सह्याद्रीच. गाडी आत शिरली की मी तिला तिथेच थांबवतो आणि खऱ्या वेळेप्रमाणे पाच मिनिटांनी बाहेर काढतो. पाहुणे विचारतात, ‘गेली कुठे?’ मी म्हणतो, करबुडे. रत्नागिरीच्या माणसाला पुढे सांगावं लागत नाही. तोही शांतपणे मोबाइलची रेंज येण्याची वाट बघत बसतो.

दुसरं वरदान म्हणजे एकेरी मार्ग. वीर स्टेशनच्या खाली अजून बहुतेक ठिकाणी एकच रूळ. समोरून गाडी येणार असली की एकीला स्टेशनात साइडला टाकतात. त्यामुळे क्रॉसिंगला उभी असलेली गाडी हे कोकण रेल्वेचं नेहमीचं आणि अधिकृत दृश्य आहे. ते मांडायला वीज लागत नाही, कंट्रोलर लागत नाही, इंजिनही चालू नसलं तरी चालतं. एका गौरीजेवणाला मोटर जळली. मी काही बोललो नाही. गाडी निवसरला उभी केली, शेजारी लाल सिग्नल लावला. दिवसभरात तिला पन्नासेक लोकांनी पाहिलं. ‘क्रॉसिंग दिसतंय,’ म्हणाले आणि पानात वाढलेल्या अळूवडीकडे वळले.

एकच माणूस फसला नाही, वरच्या मजल्यावरचे तात्या. रेल्वेतून निवृत्त. ते दर वर्षी आरतीनंतर गुडघ्यावर बसतात आणि तपासणी करतात. होम सिग्नल बरोबर आहे, स्टार्टर चुकीच्या बाजूला आहे, दरडी पडू नयेत म्हणून कटिंगला जाळी लावतात ती दिसत नाही, पावसाळी वेळापत्रक लागू असताना ट्रॅकवर गस्तीचा माणूस का नाही. मी पुढच्या वर्षी गस्तीवाला आणला, प्लास्टिकचा, दोन सेंटिमीटरचा. तो सापडला तो पुण्यातल्या एका दुकानात आणि त्याच्या अंगावर बर्फातला कोट होता. तात्यांनी त्याला बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, ‘रेनकोट म्हणून चालेल.’

गेल्या वर्षी मात्र त्यांनी मूळ विषयालाच हात घातला. मार्च 2022 मध्ये सगळ्या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं, आणि माझ्या गणपतीपुढे अजून डिझेलचं इंजिन. ‘खांब कुठायत? तारा कुठायत? पंचवीस हजार व्होल्ट आहेत तिथे आता.’ मी तारांचा खर्च काढायला बसलो. तेवढ्यात पुण्याहून आलेली लेक मधे पडली.

ती वाढलीच रेल्वेबरोबर. तिला चिपळूणपर्यंतचे बोगदे मोजायची सवय होती, प्रत्येक बोगद्यात शिरताना तोंड उघडून ओरडायची आणि डब्यातल्या अनोळखी मुलांनाही ओरडायला लावायची. तिचा मामा विलवड्याच्या अलीकडे राहतो, आणि ती त्याच्याकडे खरोखर गाडीने गेली आहे. म्हणजे त्या अलिखित नियमाप्रमाणे आमच्या घरात पात्र माणूस एकच, आणि तिच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये इस्त्रीचं टेबलही भिंतीत मुडपून ठेवावं लागतं.

‘बाबा, तारा लावायच्या नाहीत,’ ती म्हणाली. ‘माझ्या लहानपणच्या गाडीला तारा नव्हत्या.’

‘पण आता आहेत,’ तात्या म्हणाले.

‘तात्या, ही आताची गाडीच नाही.’

तात्यांना हे पटेना. त्यांनी सुरक्षेचा मुद्दा काढला, तिने इंजिनाच्या आवाजाचा काढला. आरवलीच्या आत्याने मधेच विचारलं की विजेची गाडी झाल्यावर तरी आरवलीला खरा थांबा मिळेल का. विहीणबाई म्हणाल्या, विलवड्याचं आहे ते राहू दे म्हणजे झालं. सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण शेवटी महामंडळ मीच.

निकाल आतून आला. बायको ओल्या कपड्यांची बादली घेऊन दारात उभी होती. ‘तारा लावायच्याच असतील,’ ती म्हणाली, ‘तर आधी गॅलरीतली बांधा. चार महिने सांगतेय.’